आम्ही आणि आपण : न्यू यॉर्कमधील सहकारी उद्यानगृहांचा इतिहास

१

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही जाऊ’ असे म्हणणारा श्रोत्याला वगळतो. ‘आपण जाऊ’ असे म्हणणारा त्याला सामावून घेतो. गुजरातीतही हा भेद आहे. द्राविडी भाषांच्या दीर्घ सान्निध्याचा तो परिणाम असावा, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. इंग्रजीत या दोन्ही अर्थांसाठी एकच सर्वनाम आहे. त्यामुळे इंग्रजी बोलणाऱ्याला ऐकणारा आत आहे की बाहेर, याचा उलगडा न करताही एखादा करार, एखादी जाहिरात किंवा एखाद्या संस्थेची नियमावली सुखाने लिहिता येते. मराठी बोलणाऱ्याला मात्र पहिल्याच शब्दापाशी निवड करावी लागते.

प्रस्तुत लेखाचा विषय व्याकरण हा नव्हे. न्यू यॉर्क शहरात मुख्यतः दोन महायुद्धांच्या दरम्यान बांधल्या गेलेल्या सहकारी उद्यानगृहांचा, आणि त्यांतही क्वीन्स विभागातील जॅक्सन हाइट्स या वसाहतीचा, इतिहास येथे संक्षेपाने मांडावयाचा आहे. परंतु हा इतिहास वाचताना वरील भेद वारंवार आठवतो. एकाच कायदेशीर चौकटीत, एकाच शब्दाच्या आधाराने आणि एका प्रसंगी तर एकाच वास्तुशिल्पज्ञाच्या हातून दोन परस्परविरुद्ध प्रकारची घरे उभी राहिली. त्यांपैकी काहींच्या सहकारात ‘आपण’ अभिप्रेत होते आणि काहींच्या सहकारात ‘आम्ही’. हे दोन अर्थ कसे निर्माण झाले, त्यांची सरमिसळ कशी झाली आणि पुढे त्यांचे काय झाले, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

आरंभी शब्दांचा विचार करणे अगत्याचे आहे. न्यू यॉर्कमधील घरांच्या व्यवहारात ‘प्रीवॉर को-ऑप’, म्हणजे युद्धपूर्व काळातील सहकारी गाळा, हा आज प्रतिष्ठेचा शब्दप्रयोग आहे. जाड भिंती, उंच छत, लाकडी जमीन आणि क्वचित बाग किंवा गच्ची अशा घराचे चित्र तो डोळ्यांसमोर उभे करतो. यातील ‘युद्धपूर्व’ हे विशेषण उत्तरकालीन आहे. १९२५ साली अशा घरात राहावयास आलेल्या कुटुंबाने आपले घर ‘युद्धपूर्व’ आहे असे म्हटले असते, तर ते १९१४ पूर्वीचे जुनाट घर आहे असाच त्याचा अर्थ झाला असता. दुसऱ्या महायुद्धानंतर बांधणी बदलली, छते खाली आली आणि खोल्या आखूड झाल्या. तेव्हा मागील घरांना वेगळे नाव देण्याची गरज पडली आणि काळाचा निर्देश करणारे विशेषण गुणवाचक बनले. मागाहून आलेल्या वस्तूमुळे आधीच्या वस्तूला नवे विशेषण जोडावे लागते, या प्रकाराची उदाहरणे मराठीतही आहेत. यंत्रमाग आल्यावरच पूर्वीच्या ‘मागा’ला ‘हातमाग’ म्हणण्याचे कारण पडले.

‘को-ऑपरेटिव्ह’ या शब्दाचा प्रवास याहून गुंतागुंतीचा आहे. लॅटिनमध्ये त्याचा मूलार्थ ‘एकत्र काम करणे’ एवढाच. १८४४ साली इंग्लंडमधील रॉचडेल येथे विणकर व इतर कारागिरांनी एक दुकान काढले आणि त्यांच्या नियमांवरून या शब्दाला विशिष्ट सामाजिक अर्थ प्राप्त झाला. कोणालाही सभासद होता यावे आणि प्रत्येक सभासदास एकच मत असावे, ही त्यातील प्रमुख तत्त्वे होत. येथे सहकाराचा दरवाजा उघडा आहे. काम करणारा कोणीही ‘सह’ होऊ शकतो.

आपला ‘सहकार’ हा शब्दही याच धर्तीवर पारिभाषिक झाला. संस्कृतात त्याचा एक जुना अर्थ सुगंधी आम्रवृक्ष असा आहे. शाकुंतलातील वनज्योत्स्ना ही वेल ज्याच्या आश्रयाने वाढते, तो सहकारच. न्यायशास्त्रात ‘सहकारी कारण’ म्हणजे मुख्य कारणास साहाय्य करणारे कारण. या दोहोंपेक्षा निराळा असा आजचा अर्थ कायद्याच्या परिभाषेतून आला. शब्द मूळचा संस्कृत असला, तरी त्यातील संस्थात्मक आशय एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील आहे, हे विसरता कामा नये.

३

न्यू यॉर्कमध्ये मात्र हा शब्द घराला चिकटला तो रॉचडेलच्या वाटेने नव्हे. १८८० नंतर फिलिप ह्यूबर्ट या वास्तुशिल्पज्ञाने ‘होम क्लब’ नावाची योजना काढली. काही सधन कुटुंबांनी एकत्र येऊन संस्था स्थापावी, जमीन घ्यावी, इमारत बांधावी आणि त्यातील गाळे आपसांत वाटून घ्यावेत, अशी ही कल्पना होती. ५७व्या रस्त्यावरील रेम्ब्रांट ही इमारत या पद्धतीची पहिली मानली जाते. तिचे साल १८८१. पुढे चेल्सी हॉटेल म्हणून प्रसिद्धीस आलेली २३व्या रस्त्यावरील इमारतही आरंभी अशीच सहकारी होती. ग्रॅमर्सी पार्कच्या कडेला १८८३ साली उभी राहिलेली सहकारी इमारत अद्याप वापरात आहे. ज्या बागेसमोर ती उभी आहे, ती बाग १८३१ साली खाजगी म्हणूनच आखली गेली होती. तिच्याभोवती लोखंडी कुंपण आहे आणि किल्ली केवळ सभोवारच्या घरमालकांपाशी असते.

‘क्लब’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. क्लबात प्रवेश मिळण्यासाठी पैसा पुरत नाही. आधीच्या सभासदांची संमती लागते. न्यू यॉर्कच्या सहकारी घराची कायदेशीर रचना याच साच्यात बसली. तेथील रहिवासी आपल्या गाळ्याचा मालक नसतो. संपूर्ण इमारत एका मंडळीच्या मालकीची असते. रहिवासी त्या मंडळीचे भाग विकत घेतो आणि त्या भागांच्या जोरावर त्याला आपल्या गाळ्याचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा मिळतो. म्हणजे तो एकाच वेळी मालकांपैकी एक आणि स्वतःचाच भाडेकरू असतो. इमारतीवरील गहाणाचे हप्ते, कर, कोळसा, पाणी, नोकरांचे पगार हा खर्च दरमहा भागांच्या प्रमाणात वाटला जातो. भाग विकावयाचे झाल्यास नव्या भागधारकास संचालक मंडळाची मान्यता लागते.

या मान्यतेमागे एक सबळ आर्थिक कारण होते, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. एका गाळ्याचा हप्ता थकला, तर त्याचा भार उरलेल्यांवर पडतो. सर्वांचे गहाण एकच असल्यामुळे एकाच्या दिवाळखोरीने सर्वांचे घर जाऊ शकते. तेव्हा शेजाऱ्याची पत पाहणे यात गैर काही नाही. प्रश्न पुढे उद्भवतो. पत पाहता पाहता जात, धर्म व वर्ण पाहिले जाऊ लागले आणि ‘विश्वासू’ या शब्दाचा अर्थ ‘आमच्यासारखा’ असा होऊ लागला. या अर्थांतराचे सर्वांत स्वच्छ उदाहरण जॅक्सन हाइट्स येथे आढळते.

४

१९०९ साली ईस्ट रिव्हरवरील क्वीन्सबरो पूल खुला झाला आणि मॅनहॅटनच्या पूर्वेकडील शेतजमिनींना एकाएकी किंमत आली. त्याच वर्षी एडवर्ड मॅक्डूगल यांच्या नेतृत्वाखालील क्वीन्सबरो कॉर्पोरेशन या कंपनीने ट्रेन्स मेडो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कुरणांच्या प्रदेशात तीनशेहून अधिक एकर जमीन घेतली. तिचे नवे नाव जॅक्सन हाइट्स. ‘जॅक्सन’ हे जवळच्या रस्त्याच्या नावावरून घेतले आणि ‘हाइट्स’ हे प्रतिष्ठेसाठी. ब्रुकलिन हाइट्स या जुन्या संपन्न वस्तीचा ध्वनी त्यात होता. कुरणाच्या नावात मात्र उंची कोठेही नव्हती. १९१७ साली उन्नत लोहमार्ग येथवर पोहोचला आणि मॅनहॅटनच्या मध्यभागी नोकरी करून हिरवळीत राहणे शक्य झाले.

एबेनेझर हॉवर्ड यांनी १८९८ मध्ये मांडलेली उद्यान-नगराची कल्पना या सुमारास सर्वत्र चर्चिली जात होती. न्यू यॉर्कच्या गरीब वस्त्यांतील चाळींची स्थिती तिच्या अगदी उलट होती. १८७९ च्या कायद्यानंतर बांधलेल्या तेथील इमारती मध्यभागी चिंचोळ्या असत. दोन इमारतींमधील अरुंद पोकळीतून जेमतेम हवा येई आणि कचरा मात्र भरपूर साठे. १९०१ च्या कायद्याने उजेड व हवा यांचे किमान प्रमाण ठरवून दिले. क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने या किमान मर्यादेच्या पलीकडे जाऊन निराळी मांडणी केली. रस्त्यांनी वेढलेला संपूर्ण चौकोन एकाच वेळी हाती घ्यावयाचा, इमारती कडेकडेने उभारावयाच्या आणि मधली सलग जागा सर्वांच्या बागेसाठी राखावयाची. ‘गार्डन अपार्टमेंट’ हा शब्द अशा घरांसाठी या कंपनीनेच रूढ केला. त्यासाठी येथे ‘उद्यानगृह’ हा प्रतिशब्द योजिला आहे.

या मांडणीतील गुणांची नोंद केली पाहिजे. इमारतीची खोली बेताची ठेवल्यामुळे घराच्या एका अंगाची खिडकी रस्त्यावर आणि दुसऱ्या अंगाची बागेवर उघडे. वारा आरपार जाई. अंधारे बोळ टळत. रस्त्यावरून पाहणाऱ्यास विटांची शांत, एकसंध दर्शनी बाजू दिसे. दरवाजातून आत जाऊन मागील बाजूस बाहेर पडले, की एकदम वृक्ष, हिरवळ आणि पायवाटा असलेला विस्तीर्ण चौक लागे. वाड्याच्या चौकाशी परिचित असलेल्या मराठी वाचकास या अनुभवाची कल्पना सहज येईल. भेद इतकाच, की वाड्याचा चौक एका कुटुंबाचा असतो. हा चौक शंभराहून अधिक कुटुंबांचा असे.

लिंडन कोर्ट या संकुलाची योजना अँड्र्यू थॉमस या वास्तुशिल्पज्ञाने केली. त्याचे बांधकाम १९१९ ते १९२१ या काळातील. याच सुमारास, १९१९-२० मध्ये, कंपनीने भाड्याने दिलेली घरे सहकारी मालकीच्या योजनेखाली विकण्यास प्रारंभ केला. युद्धोत्तर घरटंचाईमुळे भाड्यांवर निर्बंध येत होते. बांधणाऱ्यास भांडवल लवकर मोकळे करून हवे होते आणि मध्यमवर्गीयास घरमालक म्हणवून घेण्याची इच्छा होती. ‘सहकार’ हा शब्द या दोन्ही गरजांना सोयीचा ठरला. त्यानंतर थॉमस यांनीच १९२२-२३ मध्ये बागेभोवती १२ इमारतींचे ‘द शातो’ आणि १९२३-२५ मध्ये ८ इमारतींचे ‘द टॉवर्स’ ही भव्य संकुले उभारली.

या संकुलांच्या नावांकडे भाषेच्या अभ्यासकाने दुर्लक्ष करू नये. लॉरेल, लिंडन, हॉथॉर्न, लॅबर्नम, एल्म, सीडर ही नावे झाडांची आहेत. शातो, केंब्रिज कोर्ट, हॅम्प्टन कोर्ट ही नावे फ्रान्स व इंग्लंड येथील सरदारी वास्तू किंवा प्रतिष्ठित स्थळे यांची आहेत. निसर्ग आणि कुलीनता या दोन गोष्टी विकावयाच्या होत्या आणि दोन्ही नावांतच सांगितल्या होत्या.

जाहिरातींतील आणखी एका शब्दाचा इतिहास उद्बोधक आहे. तो म्हणजे ‘रिस्ट्रिक्टेड’, अर्थात निर्बंधित. अमेरिकेतील जमीनव्यवहारात प्रथम तो बांधकामाविषयी होता. येथे कारखाना निघणार नाही, रस्त्यापासून अमुक अंतर सोडले जाईल, असे त्याचे आश्वासन असे. हळूहळू तो माणसांविषयी झाला. ‘निर्बंधित वसाहत’ म्हणजे ज्यू आणि कृष्णवर्णीय यांना जेथे घर मिळणार नाही अशी वसाहत, हा अर्थ वाचकास न सांगता कळू लागला. जॅक्सन हाइट्स ही अशी वसाहत होती. सहकारी भागासाठी अर्ज करणाऱ्याने आपली सामाजिक ओळख पटवून द्यावी, अशी अपेक्षा असे आणि नकाराचे कारण देण्याची गरज नसे. रॉचडेलच्या विणकरांचा शब्द येथे वापरला गेला. त्यांचे पहिले तत्त्व मात्र गळून पडले.

५

याच शहरात, याच काळात, या शब्दाचा दुसरा अर्थही जिवंत होता. ब्रुकलिनमधील सनसेट पार्क भागात फिनलंडहून आलेल्या श्रमिकांची वस्ती होती. तेथील काही फिनिश कुटुंबांनी १९१६ साली ४३व्या रस्त्यावर आपल्यासाठी एक इमारत बांधली आणि तिला ‘अल्कू’ हे नाव दिले. फिनिश भाषेत ‘अल्कू’ म्हणजे आरंभ. लगेच शेजारी दुसरी इमारत झाली. तिचे नाव ‘अल्कू तोइनेन’, म्हणजे दुसरा आरंभ. नफ्याचा हेतू न ठेवता बांधलेल्या सहकारी घरांची न्यू यॉर्कमधील ही पहिली उदाहरणे मानली जातात. येथील नावांत ना वृक्ष होते, ना सरदार. भाग विकताना नफेखोरी होऊ नये, हा दंडक होता.

१९२६ साली न्यू यॉर्क राज्याने मर्यादित लाभांशाच्या गृहसंस्थांना करसवलत देणारा कायदा केला. त्याचा लाभ घेऊन कापड-शिलाई कामगारांच्या संघटनेने एब्रहॅम कझान यांच्या पुढाकाराने ब्राँक्स विभागात वॅन कॉर्टलँड पार्कच्या कडेला अमॅल्गमेटेड गृहसंकुल उभारले. १९२७ मध्ये तेथे पहिली कुटुंबे राहावयास आली. हेही उद्यानगृहच होते. मध्ये बाग आणि सभोवार घरे, अशीच तेथील रचना. या कामगारांपैकी बहुसंख्य पूर्व युरोपातून आलेले ज्यू होते. म्हणजे जॅक्सन हाइट्सच्या बागेत ज्यांना प्रवेश नव्हता, त्यांनी तशीच बाग स्वतःच्या श्रमाने निर्माण केली.

यांहूनही बोलके उदाहरण हार्लेममधील डनबार अपार्टमेंट्सचे आहे. जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांच्या अर्थसाहाय्याने १९२६ ते १९२८ या काळात १४९व्या व १५०व्या रस्त्यांच्या दरम्यान हे संकुल बांधले गेले. पॉल लॉरेन्स डनबार या कृष्णवर्णीय कवीचे नाव त्याला दिले होते. त्यात ६ इमारती व ५११ गाळे होते आणि मध्यभागी बाग होती. कृष्णवर्णीयांसाठी बांधलेले हे पहिले मोठे सहकारी गृहसंकुल. त्याचा वास्तुशिल्पज्ञ कोण? जॅक्सन हाइट्सचे टॉवर्स बांधणारे अँड्र्यू थॉमस हेच. हात एक, मांडणी एक, कायदेशीर चौकट एक आणि शब्दही एक. तरीही डनबारमधील कोणत्याही कुटुंबाला, त्याची पत कितीही चांगली असली, तरी टॉवर्समधील भाग विकत मिळाला नसता.

या कुटुंबांत कोण कोण होते, हे पाहिले म्हणजे नकाराचा अर्थ स्पष्ट होतो. कवी काउंटी कलेन, गायक-नट पॉल रोब्सन, कामगार पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ आणि उत्तर ध्रुवाच्या मोहिमेत सहभागी झालेले मॅथ्यू हेन्सन हे डनबारचे रहिवासी होते. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हेही तेथे राहत. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या आर्थिक सहकारावर १९०७ साली एक विस्तृत पाहणी त्यांनीच संपादित केली होती. सहकार या विषयाचा एवढा मोठा अभ्यासक त्या काळच्या शहरातील सर्वांत नावाजलेल्या सहकारी वसाहतीत घर घेऊ शकत नव्हता. त्याची पात्रता अपुरी होती, असे कोणी म्हणणार नाही. त्या वसाहतीच्या ‘वुई’ या सर्वनामाचा अर्थ ‘आम्ही’ असा होता, एवढेच याचे कारण.

६

१९२९ च्या मंदीने या सर्व संस्थांची परीक्षा घेतली. गाळ्यांच्या किमती कोसळल्या, हप्ते थकले आणि पुष्कळ सहकारी इमारती गहाणदारांच्या ताब्यात जाऊन पुन्हा भाड्याच्या झाल्या. सधनांची निवडक सभासदसूची या आपत्तीतून त्यांना वाचवू शकली नाही. कारण एकाच प्रकारचे लोक एकाच प्रकारच्या संकटाने एकाच वेळी बुडतात. दुसऱ्या बाजूस, केवळ उदात्त हेतूनेही घरे वाचली नाहीत. हार्लेममध्ये बेकारी भीषण होती. १९३६ साली डनबारचे गहाण रॉकफेलर यांनी वसूल केले आणि तेथील सहकार संपुष्टात आला. ब्राँक्समधील आणखी एक कामगार वसाहत, वर्णभेद न मानणारी, १९४३ मध्ये दिवाळखोरीत निघाली. अमॅल्गमेटेड मात्र टिकले. तेथे भाग सट्ट्याचा विषय नव्हता, हिशेब काटेकोर होता आणि अडलेल्या सभासदास सावरण्याची व्यवस्था होती. पतीचा प्रश्न सभासद वगळून सोडवावा की सावरून, या प्रश्नाचे एक उत्तर येथे मिळते. त्यावरून सार्वत्रिक नियम काढणे मात्र धाडसाचे होईल.

दुसऱ्या महायुद्धानंतर कायद्याने या दरवाजाकडे लक्ष वळविले. वर्णावर आधारलेले खाजगी करार न्यायालये अमलात आणू शकत नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. १९५७ साली न्यू यॉर्क शहराने खाजगी घरांच्या व्यवहारातील भेदभावास बंदी करणारा कायदा केला. अमेरिकेतील अशा स्वरूपाचा तो पहिलाच. परंतु १९५९ साली राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने पार्क ॲव्हेन्यूवरील एका सहकारी इमारतीच्या खटल्यात संचालक मंडळाचा निवडीचा अधिकार उचलून धरला. आपल्या लिफ्टमध्ये, जिन्यांवर, सभांत आणि घरांत कोणाची सोबत घ्यावयाची, हे सहकारी मालकांनीच ठरवावे, असा त्या निकालाचा आशय होता. वर्ण, धर्म व राष्ट्रीयत्व या कारणांनी नकार देणे बेकायदेशीर. इतर कोणत्याही कारणाने, किंबहुना कारणावाचून, नकार देणे वैध, अशी स्थिती निर्माण झाली. १९६८ च्या राष्ट्रीय कायद्याने पहिले कलम दृढ केले. दुसरे दीर्घकाळ टिकले. ज्या नकाराचे कारण सांगावे लागत नाही, त्यातील बेकायदेशीर कारण सिद्ध करणे किती कठीण आहे, हे निराळे सांगावयास नको.

जॅक्सन हाइट्समध्ये ज्यू कुटुंबे १९४० नंतर येऊ लागली. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर कोलंबिया, एक्वादोर, भारत, बांगलादेश, पुढे नेपाळ अशा अनेक देशांतील लोक तेथे आले. ७४व्या रस्त्यावर साड्या, सोने आणि मसाले यांची दुकाने थाटली गेली. अंतराळवीर कल्पना चावला यांचे नाव त्या रस्त्यास २००४ साली जोडले गेले. १९९३ साली शहराच्या स्मारक-संरक्षण आयोगाने उद्यानगृहांचा प्रदेश ऐतिहासिक क्षेत्र म्हणून घोषित केला. त्याची पश्चिम सीमा ७६व्या रस्त्यापाशी आहे. म्हणजे भारतीय बाजार तिच्या किंचित बाहेर पडतो. ज्या वसाहतीने एके काळी शेजारी निवडून घेतले, ती आज जगातील अत्यंत बहुभाषिक वस्त्यांमध्ये गणली जाते. बागा मात्र अजूनही रहिवाशांच्याच आहेत. वर्षातून एकदा, जून महिन्यात, त्यांतील काही बागा लोकांना पाहण्यासाठी उघडतात.

७

हा इतिहास दूरदेशीचा म्हणून बाजूला ठेवता येईल काय? मला तसे वाटत नाही. फिनिश श्रमिकांनी ब्रुकलिनमध्ये ‘अल्कू’ बांधली त्याच्या आदल्याच वर्षी, १९१५ साली, मुंबईत गामदेवी येथे सारस्वत सहकारी गृहसंस्थेची नोंदणी झाली. तिचे प्रवर्तक श्रीपाद सुब्बाराव तालमकी यांचे नाव ताडदेवच्या तालमकीवाडीमुळे आजही मुंबईकरांच्या तोंडी आहे. या दोन आरंभांचा परस्परांशी संबंध नव्हता. परंतु दोन्ही ठिकाणी परक्या शहरात आलेल्या, एक भाषा बोलणाऱ्या, एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांनी घरटंचाईवर उपाय शोधला. अशा संस्थांतील ‘आम्ही’ आणि जॅक्सन हाइट्सच्या जाहिरातींतील ‘आम्ही’ यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. ज्यांना शहरात ठावठिकाणा नाही, त्यांनी आपल्या माणसांना एकत्र करणे निराळे. आणि ज्यांना कोठेही घर मिळू शकते, त्यांनी इतरांना बाहेर ठेवणे निराळे.

तथापि हा भेद कायम टिकत नाही. आश्रयासाठी घातलेले कुंपण पुढील पिढीत वगळण्याचे साधन होऊ शकते. अहमदाबाद येथील पारशी गृहसंस्थेच्या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारा पोटनियम वैध ठरविला आणि संघटनेच्या स्वातंत्र्याचा आधार घेतला. निकालाची कायदेशीर बाजू येथे तपासावयाची नाही. शेजारी निवडण्याचा हक्क आणि घर मिळण्याचा हक्क यांतील जो संघर्ष न्यू यॉर्कच्या न्यायालयाने १९५९ मध्ये एका बाजूने सोडविला, तो आपल्याकडेही उभा आहे, एवढेच दाखवावयाचे आहे. महाराष्ट्रातील शहरांत घर शोधताना आडनाव, आहार किंवा धर्म विचारला गेल्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना या संघर्षाचे स्वरूप समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही.

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, न्यू यॉर्कच्या गृहव्यवहारातील ‘को-ऑपरेटिव्ह’ या शब्दाला दोन स्वतंत्र उगम आहेत, क्लब आणि परस्पर-साहाय्य. कायद्याने दोहोंना एकच चौकट दिल्यामुळे त्यांतील विरोध झाकला गेला. दुसरी, उद्यानगृहाची मांडणी स्वतः कोणाचीच बाजू घेत नाही. मधली बाग टॉवर्समध्येही होती आणि डनबारमध्येही. ती कोणाची, हे विटांनी नव्हे तर पोटनियमांनी ठरविले. तिसरी, संयुक्त जबाबदारीच्या संस्थेत विश्वास आवश्यक असतो, परंतु सारखेपणा हे विश्वासाचे प्रमाण नव्हे. मंदीच्या अनुभवाने ही गोष्ट पुरेशी दाखवून दिली आहे.

आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांची जुनी इतिवृत्ते, पोटनियम आणि सभासद-अर्ज यांच्या भाषेचा अभ्यास मराठीत व्हावयास हवा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी तो हाती घेतल्यास त्याने एक साधी कसोटी जरूर लावून पाहावी. ज्या ज्या वाक्यात संस्था स्वतःविषयी बोलते, तेथे ‘आम्ही’ बसते की ‘आपण’? इंग्रजी मसुद्यात या प्रश्नाचे उत्तर दडून राहते. मराठीत अनुवाद करणाऱ्याला मात्र ते द्यावेच लागते.